उपास तुमचा, भाव पण तुमचाच?

"मावशी, उपवासाचे दिवस आहेत, जरा कमी करा की." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले असतील. वसईच्या मासळीबाजारात शुक्रवारी असते तशी गर्दी होती. समोर पाटीत मध्यम आकाराची सुरमई, डोळा स्वच्छ, कल्ला लालभडक. मावशीने 800 सांगितले होते, मी 700 धरून बसलो होतो. भाव करताना माणूस काहीही बोलतो. पाऊस आहे, महिनाअखेर आहे, घरी दोघंच आहोत. त्याच ओघात मी उपवास पुढे केला. मावशीने कोयता फळीवर ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उपास तुमचा, न भाव पन तुमचाच काय? मी पन उपासाचीच हाय. राखेच्या बुधवारपासून मासली तोंडात नाय घातली." शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसलो. सुरमई 750ला ठरली, तिने तुकड्या करून दिल्या, डोकं वेगळं बांधलं आणि मी स्कूटरला पिशवी अडकवून निघालो.

रस्त्यात कुठेतरी हसू उतरलं.

गोष्ट 2025 सालची. 5 मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे इस्टरआधीच्या आमच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस होता, तेव्हा हा पहिलाच शुक्रवार. बाई वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरची असणार, बोलण्यावरून आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातल्या क्रुसावरून. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर, मग रिक्षा, मग दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत मासळीत. कापायची, खवलं काढायची, गाबोळी निघाली तर गिऱ्हाइकाला दाखवून वेगळी ठेवायची. आणि घरी जाऊन भात आणि वालाची आमटी. हे सेहेचाळीस दिवस. आणि मी? मी चिकन-मटण सोडलं होतं. त्याच्या जागी सुरमई आणली होती. वर पन्नास रुपये वाचवले होते, तेही उपवासाचं नाव सांगून.

खरं तर आमच्या उपवासातली ही मेख सगळ्या जगाला ठाऊक आहे. नियम मांसाचा आहे, मासळीचा नाही. ऑफिसात दर वर्षी कोणीतरी डबा उघडल्यावर विचारतंच, "अहो, तुमच्या उपवासाला बोंबील चालतो?" मी आधी समजावून सांगायचो की आमच्यात उपवास वेगळा आणि मांसवर्जन वेगळं, पूर्ण उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेव्हा एकदाच पोटभर जेवायचं, बाकी शुक्रवारी फक्त मांस नाही. इतकं ऐकून समोरचा शांतपणे साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू पिळत म्हणायचा, "म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी." त्याच्या खिचडीत शेंगदाणे आणि तूप पाहून मीही म्हणायचो, "अगदी तुमच्यासारखंच." तिथे विषय संपायचा. धर्मांमधला संवाद आमच्या ऑफिसात डब्यांच्या पातळीवर फार छान चालतो.

आजीच्या काळात ही पळवाट नव्हती. म्हणजे चर्चच्या कायद्यात असेलही, आजीच्या स्वयंपाकघरात नव्हती. आमचं घर वसईच्या पश्चिमेच्या वाड्यांमधलं. मागे केळी, मधे विहीर, कडेला बावखल, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री ती मटणाची भांडी बाहेर काढायची. मातीचं मोठं मडकं, जाड बुडाचं पातेलं, पळी. चुलीतली राख आणि काथ्या घेऊन विहिरीजवळ कंदिलाच्या उजेडात घासायला बसायची. वास पूर्ण गेला की नाही हे मडक्यात तोंड घालून बघायची, आणि मग सगळी भांडी उपडी करून माळ्यावर. इस्टरपर्यंत ती खाली यायची नाहीत. सुकटीचा डबा, बोंबलांची माळ, सगळं त्यांच्यासोबत वर. दुसऱ्या दिवशी देवळात फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि म्हटलं, तू माती आहेस आणि मातीला मिळशील याची आठवण ठेव. मी सात-आठ वर्षांचा असेन. बाहेर आल्यावर आजीला विचारलं, ही राख आपल्या चुलीतली का? ती म्हणाली, "काल भांडी घासली, आज आपण."

ती राख चुलीतली नसते हे नंतर कळलं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे इस्टरआधीच्या रविवारी, आणलेल्या झावळ्या घराघरांतल्या अल्ताराच्या (वेदीच्या) मागे, फ्रेमच्या कडेला खोचलेल्या असतात. वर्षभरात त्या पिवळ्या पडतात, मग करड्या होतात, त्यांच्यावर पाल अंडी घालते. राखेच्या बुधवारच्या आधी त्या देवळात परत द्यायच्या. तिथे त्या जाळतात आणि तीच राख कपाळावर येते. मला हे चक्र फार आवडतं, का ते नीट सांगता येणार नाही. जयजयकाराला हलवलेली झावळीच वर्षाने आपल्या कपाळावर काळी होऊन बसते, एवढंच. 2021च्या साथीत व्हॅटिकनने सांगितलं होतं की बोट न लावता राख डोक्यावर भुरभुरायची आणि ते वाक्य प्रत्येकाला वेगळं न म्हणता सगळ्यांना मिळून एकदाच म्हणायचं. मास्क लावलेले फादर एकेकाच्या टाळूवर चिमूटभर राख सोडत होते. त्या वर्षी कोणाच्याच कपाळावर काही दिसलं नाही. पण कपाळाच्या राखेपेक्षा केसांतली राख जास्त खरी वाटली होती. रात्री उशीवर पडली.

1966 साली पोप सहावे पौल यांनी नियम सैल केले. त्याआधी उपवासाचे दिवस कितीतरी जास्त होते. आमच्या गावात ही बातमी पोचली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण वडील सांगायचे की देवळात फादरांनी नवे नियम वाचून दाखवले आणि घरी आल्यावर आजीने रोजच्यासारखीच पेज टाकली. वडील म्हणाले, पोपने सूट दिलीय. आजी म्हणाली, "दिली असेल. मला कुठं विचारलं?" हा संवाद आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्यातलं आजीचं किती आणि वडिलांचं किती हे आता वेगळं काढता येत नाही.

आता आमच्या फ्लॅटमधला उपवासकाळ बघा. मुलीने इन्स्टाग्राम सोडलं. म्हणजे ॲप काढून टाकलं; ब्राउझरमधून बघते की नाही हे मी विचारलेलं नाही. बायकोने चहा सोडला आणि तिच्या डोकेदुखीच्या रूपाने आम्हा सगळ्यांना त्या त्यागात सामील करून घेतलं. मी मटण आणि शनिवारची बिअर सोडली. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर वाद झाला की रविवार मोजायचा का. मुलीने मोबाइलवर कॅलेंडर उघडून हिशेब दाखवला. 5 मार्च ते 19 एप्रिल, एकूण 46 दिवस. त्यातले सहा रविवार वजा केले की बरोबर 40. म्हणजे रविवार उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत येतच नाहीत, म्हणजे रविवारी चिकन चालेल. गणित बिनचूक होतं. बायको म्हणाली, "मग मी रविवारी चहा घेऊ?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच कायदा लिहिलाय. त्या रविवारी आम्ही चिकन आणलं नाही, पण कारण धार्मिक नव्हतं. दुकानात फार रांग होती.

आणि आता त्या शुक्रवारचं जे मी आतापर्यंत टाळत आलोय ते.

त्या दिवशी बाजारात जाण्याआधी मी सकाळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, गेलो होतो. नुसता गेलो नव्हतो, बायबलचं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. वाचकांच्या यादीत माझं नाव गेली बारा-तेरा वर्षं आहे. आवाज बरा आहे, जोडाक्षरं अडत नाहीत आणि मी वेळेवर येतो. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी दर वर्षी यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय असतो. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तू पाहिलं का नाहीस? आणि उत्तर येतं की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच मतलब साधता, आपल्या कामकऱ्यांना पिळता. मान वाकवून गोणपाट आणि राख अंथरली म्हणजे उपास होतो का? भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा दे, तो माझा उपास. हे मी माइकसमोर उभं राहून, योग्य तिथे थांबत, 'पिळता' या शब्दावर किंचित जोर देत वाचलं. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत, वेदीमागच्या खोलीत, फादर म्हणाले, "छान वाचलंत." मला बरं वाटलं. त्याच बऱ्या वाटण्यात स्कूटर काढली आणि सरळ बाजारात गेलो. मधे तासही गेला नव्हता.

हे माझ्या लक्षात कधी आलं? बाजारात नाही. सुरमई तळताना नाही, खाताना तर नाहीच. सुरमई उत्तम होती. रात्री साडेअकराला, पाणी प्यायला उठलो तेव्हा. अंधारात फ्रीज उघडला आणि त्याच्या उजेडात ती डोक्याची वेगळी बांधलेली पिशवी दिसली. उद्याच्या कालवणासाठी. दार उघडं ठेवून मी तसाच उभा राहिलो, फ्रीज टुंग टुंग वाजायला लागेपर्यंत.

यातलं काही कुमसाराला, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीत, सांगण्यासारखं आहे का, यावर मी बराच विचार केला. उपवासकाळात देवळात कुमसाराच्या रांगा लागतात, बाहेरगावचे फादर मदतीला येतात आणि अनोळखी फादरच्या रांगेत नेहमी जास्त लोक असतात. मी गुडघ्यावर बसून काय सांगणार होतो? फादर, मी सुरमईचे पन्नास रुपये कमी केले. बाजारात भाव करणं हे पाप असेल तर अख्खी वसई नरकात जाईल, आणि कोळणी आधी. तिने मुळात वाढवूनच सांगितले असणार, हेही मला कळतं. 750मध्येही ती तोट्यात गेली नसेल. पन्नास रुपयांचं मला काही वाटत नव्हतं. सलत होतं ते हे, की माझ्याकडे पुढे करायला दुसरं काही नव्हतं तेव्हा मी उपवास पुढे केला, सवलतीचं कूपन असावं तसा. आणि जिच्यापुढे केला तिचा उपवास माझ्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. शेवटी कुमसारात मी नेहमीचंच सांगितलं. राग, आळस, प्रार्थनेत दुर्लक्ष.

पुढचा शुक्रवार 14 मार्चचा, आणि त्याच दिवशी धुळवड. त्या वर्षी सगळंच एकमेकांत आलं होतं. रमजान 2 मार्चला लागला होता, आमचा उपवास 5ला, आणि मधे हा रंग. सकाळी सोसायटीतल्या मुलांनी मला गेटवरच धरलं. संध्याकाळी देवळात क्रुसाची वाट होती, येशूच्या शेवटच्या वाटेची प्रार्थना, चौदा स्थानकं, दर स्थानकाला गुडघे टेकायचे. माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ अत्यंत भक्तिभावाने मान खाली घालून उभे होते आणि त्यांचा कान मागून पूर्ण हिरवा होता. तिसऱ्या स्थानकापाशी, येशू पहिल्यांदा पडतो तिथे, माझ्या शेजारच्या मुलाला हसू फुटलं आणि त्याच्या आईने त्याला जो चिमटा काढला तो मलाही लागल्यासारखा झाला. घामाने माझ्या मानेवरचा गुलाबी रंग कॉलरला उतरत होता. बाहेर पडलो तेव्हा रोजा सुटायची वेळ होऊन गेली होती, नाक्यावर भज्यांच्या कढया तापल्या होत्या, आणि दिवसभर उपाशी असलेली पोरं खजूर हातात घेऊन हसत होती. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिथेच थांबून भजी घेतली. कांद्याची, म्हणजे नियमात बसणारी.

लहानपणीचा उपवासकाळ आठवला की आधी आवाज आठवतात, खरं तर नसलेले आवाज. लग्नं नाहीत, म्हणून बँड नाही. वाडीतला रेडिओ बंद. देवळात आल्लेलुया नाही. आणि आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी 'गौरव' हे स्तोत्र गाताना सगळ्या घंटा एकदम वाजायच्या आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प. घंटेच्या जागी एक लाकडी फळी असायची, तिच्यावर लोखंडी कडी आपटायची. आम्ही वेदीवर सेवा करणारी पोरं तिला खडखडं म्हणायचो आणि ती कोण वाजवणार यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. ते खडखडं हातात घेऊन मी एकदा बाहेरच्या बाजूने देवळाला फेरी घातली होती. जांभळ्या कापडात गुंडाळलेले पुतळे, खिडकीतून येणारा आंब्याच्या मोहोराचा उग्र वास, आणि माझ्या हातातला तो कोरडा, सुका आवाज. देव मेलाय असं खरंच वाटायचं. आता मला तसं वाटत नाही. गुड फ्रायडेला तीनच्या विधीत पंख्याखालची जागा मिळाली तर बरं, असं वाटतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी ठरवून बाजारात गेलो. मासळी घ्यायची नव्हती. त्या दिवशी घरी केळफुलाची भाजी ठरली होती. शर्टाच्या खिशात पन्नासाची नोट घडी करून वेगळी ठेवली होती. मावशी त्याच जागी होती. आज तिच्यापुढे सुरमई नव्हती, करंदी आणि मांदेली होती, वाटे लावलेले. मी नोट पुढे केली आणि म्हटलं, "मावशी, तुमचे राहिलेत माझ्याकडे."

"कसले?"

"त्या दिवशीचे. सुरमईचे. दोन आठवड्यांपूर्वी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला काहीही आठवत नव्हतं. ना मी, ना सुरमई, ना ते वाक्य, जे मी पंधरा दिवस उशाशी घेऊन झोपत होतो. दिवसाला अशी किती गिऱ्हाइकं, त्यातल्या किती जणांना ती असं काहीबाही ऐकवत असेल. "मी उधारी ठेवत नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, उधारी नाही, त्या दिवशी मीच कमी दिले होते. "ठरले तेवडे दिले ना? मंग?" आता मागे उभी असलेली बाई चुळबुळायला लागली. मला ते सगळं समजावून सांगणं शक्य नव्हतं. यशया, माइक, फ्रीजचा उजेड, काय काय सांगणार? मी म्हटलं, "घ्या हो मावशी, राहू द्या." तिने नोट घेतली, कमरेच्या पिशवीत सारली, आणि तोच हात करंदीच्या वाट्यात घालून दोन ओंजळी माझ्या रिकाम्या पिशवीत टाकल्या. मी नको नको म्हणत होतो. "उगाच कुनाचे पैशे नको," एवढं म्हणून ती मागच्या बाईकडे वळली. "बोल गो, काय देऊ?"

घरी बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं. "तू तर सुटा पैसा द्यायला गेला होतास ना?" मी झालेलं सांगितलं. ती इतकी हसली की तिची चहा सोडल्यापासूनची डोकेदुखी बहुतेक त्या दिवशी गेली. केळफूल शिजत होतं. करंदीची पिशवी गाठ मारून फ्रीझरमध्ये गेली, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यामागे.

तिथेच राहिली. त्यानंतर झावळ्यांचा रविवार झाला, घराघरांत नव्या हिरव्या झावळ्या आल्या. आज्ञा गुरुवारी फादरांनी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतले, त्यात त्या वर्षीही चार बायका होत्या. 2016 सालापासून तशी परवानगी आहे, तरी पुढच्या रांगेतल्या काही म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठ्या असतातच. गुड फ्रायडेला आम्ही पेज खाल्ली, लोणच्याच्या फोडीसोबत, आणि दुपारी बाहेर ऊन असं होतं की देवळाच्या पायऱ्या चपलेतून भाजत होत्या. शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास अंधारातून मेणबत्त्या पेटत गेल्या, घंटा वाजल्या, जांभळी कापडं उतरली. रविवारी घरी डुकराचं मटण, पिठाचे तळलेले फुगे, नातेवाईक, आवाज. उपवास सुटला की माणसं जरा जास्तच मोठ्याने बोलतात.

सोमवारी दुपारी उरलंसुरलं ठेवायला फ्रीझर आवरताना ती पिशवी सापडली. बर्फाचा दगड झाला होता. बायको म्हणाली, कैरी आहे घरात, पण करंदी साफ करायला मला वेळ नाही, तूच आणलीस. मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बसलो. ज्यांनी करंदी सोलली आहे त्यांना सांगायला नको. प्रत्येक करंदी नखाएवढी, प्रत्येकीला डोकं, साल, शेपूट, आणि दहाव्या करंदीपासून बोटांच्या टोकांना बारीक काटे टोचायला लागतात. दोन ओंजळींना दीड तास लागला, आणि सोललेला ढीग वाटीभरही भरला नाही. मधेच मोबाइल वाजला. पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी आम्ही त्यांना टीव्हीवर, व्हीलचेअरमध्ये, चौकातल्या गर्दीला आशीर्वाद देताना पाहिलं होतं. मी हात न धुताच कोपराने फोन सरकवून बातमी वाचली. स्क्रीनवर करंदीचं पाणी लागलं. मग पुन्हा सोलत बसलो, कारण अर्धीच झाली होती.

संध्याकाळी देवळात त्यांच्यासाठी मिस्सा होता. वेदीजवळ त्यांचा फोटो, हार, मेणबत्ती. इस्टरची पांढरी फुलं अजून ताजी होती. जाण्याआधी मी हात साबणाने तीनदा धुतले होते, लिंबू चोळलं होतं, बायकोच्या सांगण्यावरून स्टीलच्या नळावर बोटं घासली होती. आमच्याकडे शांतिप्रदानाला हस्तांदोलन करत नाहीत, हात जोडून एकमेकांना नमस्कार करतात. फादरांनी सांगितलं, एकमेकांना शांती द्या. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, मागच्या बाकाकडे वळलो. प्रत्येक वेळी जोडलेले हात नाकाजवळ आले आणि प्रत्येक वेळी करंदीचा वास आला.